डीकॉमकाका

तारापूर एमआयडीसीतल्या एखाद्या मुरलेल्या कारखान्यात जा. कंट्रोल रूमच्या कोपऱ्यात एक पिवळट पडलेला कॉम्प्युटर सापडेल. त्याच्यावर चिकटपट्टीने कागद लावलेला असतो: ‘बंद करू नये. हलवू नये. विचारल्याशिवाय पुसू नये.’ तिसरी सूचना सफाईवाल्यांसाठी असते, पहिल्या दोन मॅनेजरांसाठी. विचारायचं कुणाला, हे मात्र कागदावर नसतं. ते सगळ्यांना ठाऊक असतं. त्या कॉम्प्युटरच्याच वेळी नोकरीला लागलेला एक माणूस कारखान्यात असतो. त्याचं पद कुणाला नीट सांगता येत नाही, पण त्याने सलग दोन दिवस रजा टाकली की प्लान्ट मॅनेजरला जेवण जात नाही.

आमच्याकडचा तो माणूस निर्मळहून यायचा. पगारपत्रकावर त्यांचं रीतसर नाव होतं. इतर सगळीकडे ते डीकॉमकाका होते.

अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायात काळ्या चपला (सेफ्टी शूज गेटवर पिशवीतून निघायचे), वरच्या खिशात चष्मा आणि टेस्टर. डायरी नाही, पेनही नाही. सही करायची वेळ आली की समोरच्याच्या खिशातलं पेन काढून घ्यायचे आणि न विसरता परत करायचे. आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्यांनी उधार घेतली असावी. बाकी सगळा व्यवहार देण्याचा.

सकाळी निर्मळ नाक्यावरून नालासोपाऱ्याची बस, तिथून विरार, विरारला डहाणूची गाडी आणि मग बोईसर. 2013 च्या एप्रिलमध्ये लोकल डहाणूपर्यंत धावू लागली. त्याआधी शटल पकडण्यात काकांची उमेदीची वर्षं गेली. तरी लोकलबद्दल ते फार बरं बोलत नसत. ‘शटलमध्ये माणूस माणसाला धरून उभा असायचा,’ म्हणायचे. हा तक्रारीचा सूर नव्हता. आठवण होती.

डब्यात त्यांना कुणी विचारलं, ‘काय काका, बरंय ना?’ की उत्तर यायचं, ‘192.’ नव्या माणसाला तो बसचा नंबर वाटायचा. एकाने तर सफाळ्यापर्यंत जाऊन विचारलं, ही 192 नालासोपारा पूर्वेहून सुटते की पश्चिमेहून.

या 192 ची गोष्ट सांगायची तर थोडं मागे जावं लागेल. कारखान्यात बॉयलरचा कंट्रोलर एका कंपनीचा, पंपांचा दुसऱ्या, वजनकाट्याचा तिसऱ्या. एक प्रोग्राम टाकीची पातळी वाचतो, दुसरा ती पडद्यावर दाखवतो, तिसरा महिनाअखेरीला तिचा रिपोर्ट काढतो. हे प्रोग्राम वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेले, त्यामुळे पूर्वी प्रत्येक जोडीसाठी वेगळा दुभाषा लिहावा लागायचा. 1996 साली यावर तोडगा निघाला, ओपीसी. सगळ्यांनी एकाच रीतीने बोलायचं ठरलं. बोलणं वाहून न्यायला मायक्रोसॉफ्टची कॉम आणि डीकॉम ही व्यवस्था होतीच. कॉम एकाच कॉम्प्युटरमधल्या प्रोग्रामांसाठी आणि डीकॉम या कॉम्प्युटरवरून त्या कॉम्प्युटरवर. त्याच वर्षी विंडोज एनटी 4 बरोबर डीकॉम आलं आणि जगभरच्या कारखान्यांत आकडे इकडून तिकडे वाहू लागले.

ओपीसीचा नियम असा, की आकडा कधी एकटा पाठवायचा नाही. त्याच्याबरोबर त्याची खात्री आणि त्याची वेळ गेलीच पाहिजे. टाकी 71 टक्के भरली आहे, हा झाला आकडा. मोजणारं यंत्र ठीक चालू आहे, ही खात्री. तिचेही नंबर ठरलेले: 192 म्हणजे उत्तम, 64 म्हणजे शंका आहे, 0 म्हणजे भरवसा ठेवू नका. आणि हे मोजलं कधी, ती वेळ. या तीन गोष्टींशिवाय जे सांगितलं जातं ती अफवा, असं काकांचं मत. हा नियम ते कारखान्यात शिकले आणि त्यांनी तो सगळीकडे लावला.

पावसाळ्यात घरून निघताना मी फोन करायचो, ‘काका, नाक्यावर पाणी भरलंय का?’

‘गुडघाभर. खात्री 64, दूधवाल्याकडून ऐकलंय. वेळ सव्वासहा.’

‘त्या वाडीतल्या मुलाचं लग्न ठरलं म्हणतात.’

‘ठरलं. 192. काल संध्याकाळी साडेसातला मुलाच्या आईनेच सांगितलं.’

‘पण मोडलं असं ऐकलं मी.’

‘कधी ऐकलंस?’

‘परवा.’

‘मग तो आकडा जुना. मोडलं होतं, नंतर जुळलं.’

इतक्या शिस्तीचा माणूस मी गावगप्पांत दुसरा पाहिला नाही.

पण डीकॉम चालवण्यात मात्र शिस्तीचा भाग कमी आणि धीटपणाचा जास्त होता. दोन कॉम्प्युटरांचं डीकॉमवर बोलणं जुळवायचं म्हणजे काय, ते पाहण्यासारखं असायचं. काका खुर्ची पुढे ओढत, रनच्या चौकटीत ‘डीकॉमसीएनएफजी’ टाइप करत. मग कंपोनंट सर्व्हिसेस, त्यात कॉम्प्युटर्स, त्यात माय कॉम्प्युटर, त्यावर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, कॉम सिक्युरिटी. चार बटणं. प्रत्येक बटणाआड परवानग्यांची यादी. प्रत्येक यादीत काका ‘एव्हरीवन’ घालत आणि समोरच्या सगळ्या चौकटींवर टिकटिक करत सुटत. मग ‘अनॉनिमस लॉगऑन’ घालत, पुन्हा टिकटिक. ओळख तपासण्याची पातळी ‘नन’. दोन्ही मशीनवर एकच यूजर, एकच पासवर्ड. शेवटी फायरवॉल बंद, कारण डीकॉम 135 नंबरच्या दारावर फक्त चौकशी करतं आणि पुढची बोलणी कुठल्या दाराने होतील याचा नेम नसतो. मशीन रिस्टार्ट. पडद्यावर आकडे हलू लागले की काका खुर्ची मागे ढकलत आणि म्हणत, ‘आता कुणीही यावं.’

कुणीही आलंच. 2003 च्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर नावाचा वर्म डीकॉमच्याच एका छिद्रातून जगभर घुसला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर चौकट यायची की साठ सेकंदांत मशीन बंद होणार, आणि उलटी मोजणी सुरू. त्या काळात काका ‘शटडाउन, जागा सोडून डॅश, ए’ ही आज्ञा साठ सेकंदांच्या आत ठोकण्यात पटाईत झाले. पुढच्या वर्षी, 2004 मध्ये, मायक्रोसॉफ्टने एक्सपीचं दुसरं सर्व्हिस पॅक काढलं, फायरवॉल आपोआप चालू केली आणि अनोळखी माणसांना डीकॉमची दारं लावून घेतली. जगभरचे ओपीसीवाले हवालदिल झाले. काकांनी एका दुपारी सगळी दारं परत उघडली आणि चहाला गेले.

डीकॉमची आणखी एक खोड त्यांना फार आवडायची. ऐकणारा मशीनवर आहे की गेला, हे कळावं म्हणून तिकडून दर दोन मिनिटांनी एक हाक येते. ओळीने तीन हाका चुकल्या की मग डीकॉम समजतं, तो गेला. म्हणजे सहा मिनिटं. तोवर त्याची जागा राखून ठेवतं, त्याच्या नावाचं सामान सांभाळतं. नव्या पोरांना हा वेळकाढूपणा वाटायचा. काकांना तो सभ्यपणा वाटायचा. ‘आपल्यात दहा दिवस थांबतात,’ एवढंच म्हणायचे.

आता निर्मळ. तलाव, टेकडीवर शंकराचार्यांचं मंदिर, होली क्रॉस चर्च, आणि त्यांच्यामधून वाड्यांमध्ये शिरणारे अरुंद रस्ते, केळी, पानवेली, सोनचाफा. कार्तिक वद्य एकादशीला, म्हणजे आळंदीला वारकरी जमतात त्याच दिवशी, इथली यात्रा सुरू होते. त्या आठवड्यात काका फोन उचलत नाहीत, कारखान्याचा तर नाहीच. कंपनीच्या कॅलेंडरवर तो आठवडा लाल रंगात नसला तरी मेन्टेनन्सचं कुठलंही मोठं काम त्यात धरलं जात नसे. नव्याने आलेल्या एका मॅनेजरने एकदा धरलं होतं. पुढच्या वर्षी त्यांनीही यात्रेत सुकेळी घेतली.

गावात काका कुणाचं काय करत नसत ते सांगणं सोपं. विहिरीवरच्या पंपाचा स्टार्टर, कुणाच्या आजीच्या पेन्शनचा फॉर्म, चर्चच्या सणाचा साउंड, मंदिराच्या माळेचा एक न पेटणारा दिवा, सगळं बसथांब्यावरून घरी जाताना उरकून जायचे. पैसे विचारले की दुसरीकडे बघत. ‘लिहून ठेवतो, पुढच्या वेळी देतो,’ असं कुणी म्हटलं की मात्र खरंच चिडत. त्यांच्या आईने त्यांना शिकवलं होतं म्हणे, दिलेलं कधी लिहून ठेवायचं नाही. लिहिलं की तो हिशोब झाला.

माणूस म्हणून हे सोन्यासारखं. पण हाच माणूस सत्तावीस वर्षं एका कारखान्याच्या सगळ्या प्रोग्रामांची एकमेकांशी गाठ घालून देत होता, आणि त्यातलं काहीही त्यांनी लिहून ठेवलं नव्हतं, हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

घोडं अडलं ते 2021 मध्ये. डीकॉममध्ये सुरक्षेची एक मोठी फट सापडली आणि मायक्रोसॉफ्टने ती तीन टप्प्यांत बुजवायची ठरवली. जून 2021 मध्ये कडक तपासणी आली, पण मुळात बंद ठेवलेली. जून 2022 मध्ये ती चालू झाली, पण रजिस्ट्रीत एक शून्य टाकून बंद करता येत होती. काकांनी तो शून्य टाकला. 14 मार्च 2023 नंतर तो शून्यही चालणार नव्हता. ओळख तपासण्याची पातळी ‘नन’ असलेल्या कुठल्याही मशीनची विनंती सर्व्हर धुडकावणार आणि नोंदवहीत 10036 नंबरची तक्रार लिहिणार. आमचा कोपऱ्यातला कॉम्प्युटर एक्सपीवर. एक्सपीचा पाठिंबा मायक्रोसॉफ्टने 2014 च्या एप्रिलमध्येच काढून घेतलेला. त्याला नवं वळण लावायचं म्हणजे काय ते उघडच होतं.

उपाय होता आणि तो नवाही नव्हता. ओपीसीवाल्यांनीच डीकॉमला कंटाळून ओपीसी यूए काढलं होतं. त्याला मायक्रोसॉफ्टची विंडोज लागत नाही, 4840 नंबरचं एकच दार पुरतं, आणि दोन्ही बाजूंनी एकमेकांचं प्रमाणपत्र तपासल्याशिवाय बोलणं सुरू होत नाही. जुने प्रोग्राम यूएवर न्यायचे, हे कंपनीने ठरवलं, आणि त्यासाठी एक इंजिनिअर मुलगी आली. लातूरची, बोईसरला भाड्याने राहणारी, लॅपटॉपवर बावीस रकान्यांचा तक्ता घेऊन फिरणारी.

पहिल्याच दिवशी तिने काकांना विचारलं, ‘काका, या सर्व्हरला कोण कोण ऐकतं?’

‘सगळे.’

‘सगळे म्हणजे कोण? मला यादी लागेल.’

‘यादी नाही बाय. ज्याला हवं त्याला देतो.’

‘कधीपासून?’

‘त्याला हवं झाल्यापासून.’

ती माझ्याकडे बघायला लागली. मी छताकडे बघितलं. काकांना वाटलं, पोरीला नीट समजावून सांगायला हवं. म्हणाले, ‘हे बघ. आमच्या सोपाऱ्याला सम्राट अशोकाने शिलालेख लावला. 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींना त्याचा तुकडा सापडला, आता मुंबईच्या म्युझियममध्ये आहे. अशोकाने खाली वाचणाऱ्यांची यादी जोडली होती का? नाही. लावला दगड, ज्याला वाचायचा त्याने वाचावा.’

ती शांतपणे म्हणाली, ‘हो ना काका. आणि ब्राह्मी वाचणारे शेवटचे काका रिटायर झाले, त्यानंतर ती लिपी लागायला 1837 साल उजाडावं लागलं, आणि प्रिन्सेप यावा लागला. आपल्याकडे मार्चपर्यंतच मुदत आहे.’

काकांना रिटायरमेंटला सहा महिने होते. ते काही बोलले नाहीत, पण परतीच्या गाडीत वैतरणा गेल्यावर मला म्हणाले, ‘पोरगी 192 आहे.’

बदलाचं काम तसं सरळ झालं. जुन्या सर्व्हरला यूएचं आवरण चढवलं, पडद्यांचे प्रोग्राम एकेक करून नव्या वाटेवर आणले. यूएची रीत काकांना मात्र पहिल्यापासून खटकली. नवा प्रोग्राम पहिल्यांदा दारात आला की सर्व्हर त्याचं प्रमाणपत्र सरळ ‘रिजेक्टेड’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकतो. कुणीतरी जाऊन ते उचलून ‘ट्रस्टेड’ फोल्डरमध्ये ठेवायचं, मग त्याला प्रवेश. ‘आलेल्याला आधी हाकलायचं आणि मग बोलवायचं?’ काका विचारायचे. ‘पाणी तरी विचारा.’

पॅनेल रूममधला एक कॉम्प्युटर तर ट्रस्टेडमध्ये ठेवूनही बोलेना. ती मुलगी रात्रीपर्यंत बसली. प्रमाणपत्र नवं केलं, सर्व्हर रिस्टार्ट केला, फायरवॉल तपासली. पडद्यावर एकच ओळ: प्रमाणपत्राचा काळ वैध नाही. शेवटी काका आले, चष्मा लावला, आणि प्रोग्रामकडे न बघता पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्याकडे बघितलं. तारीख होती 1 जानेवारी 2009. मेन्टेनन्ससाठी वीज बंद केली होती, मदरबोर्डवरचा चपटा गोल सेल केव्हाच मेलेला, आणि कंट्रोलचं नेटवर्क बाहेरच्या जगापासून तोडलेलं, त्यामुळे घड्याळ जुळवून देणारं कुणी नाही. त्या कॉम्प्युटरच्या हिशोबाने नवं प्रमाणपत्र अजून चौदा वर्षांनी जन्माला यायचं होतं. काकांनी स्टोअरमधून सेल आणवला, टेस्टरच्या टोकाने जुना उचकटला, नवा बसवला, तारीख घातली. आकडे हलायला लागले.

‘तुझ्या तक्त्यात सेलचा रकाना आहे का गं?’ त्यांनी विचारलं. तिने तिथल्या तिथे तेविसावा रकाना केला.

आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी अकरा वाजता, सगळे पडदे नव्या वाटेने चालताहेत याची खात्री करून, आम्ही कोपऱ्यातला कॉम्प्युटर बंद केला. कागद काकांनीच काढला, घडी करून खिशात ठेवला. पेढे वाटले गेले. काही झालं नाही. दुपारपर्यंत काहीही झालं नाही. सगळ्यात वाईट तेच होतं.

चारच्या सुमाराला डिस्पॅचमधून फोन आला. डिस्पॅचचे भाऊ काकांच्याच वयाचे, कमी बोलणारे. त्यांच्या टेबलावरच्या एक्सेलमध्ये एका पिवळ्या चौकटीत टाकी नंबर चारची पातळी दिसायची आणि तिच्याकडे बघून ते टँकर आत घ्यायचे. त्या दिवशी चौकटीत 71 होतं. साडेअकराला 71, एकला 71, तीनला 71. भाऊ टँकर घेत राहिले. चौथा टँकर भरायला लावला, तर पंप हवा ओढायला लागला. टाकी तळाला गेली होती. सुदैवाने ड्रायव्हरच्या शिव्यांखेरीज काही सांडलं नाही.

ती चौकट आमच्या कुठल्याच तक्त्यात नव्हती. आम्ही डिस्पॅचमध्ये पोचलो तेव्हा काका चौकटीवर वाकून बघत होते.

‘हे मी दिलं होतं,’ ते म्हणाले. ‘भाऊ दर तासाला जिना चढून कंट्रोल रूमला विचारायला यायचे. गुडघे दुखायचे त्यांचे. म्हणून कोपऱ्यातल्या मशीनवरून एक धागा ओढून दिला.’

त्या मुलीने अगदी हळू विचारलं, ‘काका, 71 हा आकडा. खात्री?’

काका गप्प.

‘आणि वेळ?’

पिवळ्या चौकटीच्या शेजारी दुसरी चौकट नव्हती. ज्या माणसाने वाडीतल्या लग्नाची बातमीसुद्धा वेळ आणि खात्रीशिवाय कधी दिली नाही, त्याने मित्राला नुसता आकडा दिला होता. मित्राला काय खात्री द्यायची, असंच वाटलं असणार. धागा तुटला तरी एक्सेलने शेवटचा आकडा इमानाने धरून ठेवला. सहा मिनिटांनी सोडून द्यायला ते डीकॉम नव्हतं.

मग एकेक निघायला लागलं. लॅबमध्ये एका कोपऱ्यात पीएचचा आलेख दिसायचा, तो सपाट झाला होता. गेटवरच्या सिक्युरिटीच्या पडद्यावर वाऱ्याची दिशा यायची. गॅस सुटला तर कुठल्या बाजूला पळायचं ते कळावं म्हणून ती काकांनी दिली होती आणि ती तर खरोखर महत्त्वाची होती. कँटीनमध्ये बॉयलरच्या वाफेचा दाब दिसायचा, म्हणजे भात कधी लावायचा ते कळे. मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये दिवसाच्या उत्पादनाचा एक मोठा हिरवा आकडा होता. साहेबांनी नंतर कबूल केलं, की तो आकडा तीन दिवस बदलला नाही हे त्यांच्या लक्षात आलं होतं, पण स्थिर उत्पादन पाहून त्यांना बरं वाटलं.

त्या मुलीने काकांना खुर्चीत बसवलं, समोर कागद ठेवला आणि स्वतःचं पेन दिलं. ‘आठवेल ते सगळं लिहा. कुणाला, काय, कधीपासून, कशासाठी.’

‘दिलेलं लिहीत नाहीत बाय.’

‘मग तुम्ही गेल्यावर भाऊंनी परत जिना चढायचा का?’

हे लागलं. काका लिहायला बसले. कारखान्यात लिहिलं, डहाणू लोकलमध्ये लिहिलं, घरी ओट्यावर बसून लिहिलं. पाच दिवसांनी त्यांनी यादी दिली. पहिले तीन रकाने ठाकठीक होते. चौथा, ‘कशासाठी’, आमच्या वरिष्ठांनी वाचला आणि चष्मा पुसला. त्यात असं होतं:

‘लॅब – मॅडमनी माझ्या मुलीला बारावीला केमिस्ट्री शिकवली.’

‘कँटीन – चहा.’

‘युटिलिटी – बायकोच्या ऑपरेशनला रक्त दिलं. गट जुळत नव्हता, तरी भावाला घेऊन आला.’

‘वजनकाटा – काही नाही. चांगला माणूस.’

‘मोठे साहेब – मागितलं.’

त्या मुलीने यादी जशीच्या तशी प्रकल्पाच्या कागदपत्रांत घातली. कंपनीच्या नमुन्यात चौथ्या रकान्याचं शीर्षक ‘व्यावसायिक गरज’ असं होतं. मुख्य कार्यालयातून विचारणा आली, की वजनकाट्याच्या जोडणीची व्यावसायिक गरज स्पष्ट करावी. तिने उत्तर पाठवलं, ‘स्पष्ट केलेली आहे.’ मंजुरी आली.

जुने प्रोग्राम नव्या व्यवस्थेवर न्यायचे म्हटलं की लोक कोड उघडतात. कोडमध्ये फार काही नसतं. आमच्या कोडची पानं त्या मुलीने दोन आठवड्यांत उलटून टाकली. वेळ गेला तो सत्तावीस वर्षांची ही देवघेव उकलण्यात, आणि ती एका भल्या माणसाने वाढवलेली होती म्हणूनच कुठे लिहिलेली नव्हती. आळशी माणसाची कामं लिहिलेली नसतात, पण ती फारशी असतही नाहीत. भल्या माणसाची मोजता येत नाहीत. कंपन्यांनी भीती बाळगायची तर आळशांची नको, अशा काकांची बाळगावी, आणि तरी एखादा मिळाला तर सोडू नये.

यादीतली प्रत्येक जोडणी यूएवर आली. भाऊंच्या पिवळ्या चौकटीशेजारी आता दोन चौकटी आहेत, खात्री आणि वेळ. दोन मिनिटांपेक्षा जुना आकडा असला की तिन्ही लाल होतात. प्रत्येकाचं प्रमाणपत्र ट्रस्टेड फोल्डरमध्ये, नावानिशी. काकांनी तो फोल्डर उघडून बराच वेळ पाहिला. सगळे ओळखीचे. ‘म्हणजे हे लिहून ठेवणंच झालं,’ म्हणाले, पण पूर्वीइतकं चिडून नाही.

शेवटचं काम उरलं होतं प्रमाणपत्रांची मुदत ठरवण्याचं. ती मुलगी म्हणाली, पाच वर्षं ठेवू, कटकट नको. मी म्हटलं, दहा ठेव. काकांनी मान हलवली. ‘एक वर्ष.’

‘काका, दर वर्षी सगळी नवी करावी लागतील. तुम्ही तर जूनमध्ये चाललात. करणार कोण?’

‘मी येईन की. बोलवा. ओळख वर्षातून एकदा तरी नव्याने करून घ्यावी, नाहीतर पिवळी चौकट होते.’

तिने एक वर्ष टाकलं. मी तिला खुणेने विचारलं, अगं, हा म्हातारा स्वतःची सोय करून घेतोय हे कळतंय ना? तिने खुणेनेच सांगितलं, कळतंय. तेवढ्यात काकांनी तिच्याच खिशातलं पेन घेतलं, फॉर्मवर सही केली, पेन परत दिलं आणि दारातून वळून म्हणाले:

‘फक्त मुदत कार्तिक वद्य एकादशीच्या आसपास संपू देऊ नकोस. त्या आठवड्यात कारखाना बंद पडला तरी मी यायचा नाही. तूच ये निर्मळला.’